बरणीवरचं नाव

महाड, ऑक्टोबर १९७८, शनिवार

आज अहवाल छापून आला. पाचाडच्या म्हशींच्या यकृतात जंत होतात ते खाचरातल्या गोगलगायींमुळे, हे मी तीन पावसाळे चिखल तुडवून शोधलं. वर नाव मात्र साहेबांचं! विचारलं, तर म्हणाले, "बाई, गोगलगायी वेचायला कसली अक्कल लागते?" अस्सा संताप आला! सोमवारी ही गोगलगायींची बरणी त्यांच्या टेबलावर आपटणार आहे.

मगाशी बरणी पुसायला घेतली. यातल्या पहिल्या चार पाचाडच्या सखूबाईंनी माझ्या ओंजळीत टाकल्या होत्या, त्यांची म्हैस मेली त्या दिवशी. "बाय, ह्या हायत तिथं म्हस चरली की खंगते."

बरणीच्या चिठ्ठीवर, 'कोणाला सापडल्या' यापुढे, माझं नाव आहे. माझ्याच अक्षरात.