आनेश्काचा पलंग

९ जून १८८४

आनेश्का गेली. गाडीत चढताना रडली नाही. खोकला आला म्हणून पायरीवर थांबली, तेवढंच. पाच वर्षांची पोर! आमच्यासारख्यांचीच आणखी दहाबारा मुलं होती आणि सोबत आजारी मुलांना खेड्यावर हवापालटाला नेणाऱ्या संस्थेच्या ऑल्डनबाई. उत्तरेकडे व्हिटलॉक म्हणून कुणी शेतकरीणबाई आहे, तिच्याकडे राहायचं. डॉक्टर स्पष्टच म्हणाले, "तंबाखू आणि ही पोर एका छपराखाली नकोत."

पण आमचं छप्परच तंबाखूचं. ज्या खोलीत आम्ही दोघं चिरूट वळतो तिथंच जेवतो, तिथंच निजतो. खोली मालकाची, तंबाखूही त्याचीच. काम सोडलं की खोली सोडायची. म्हणून मग पोरगीच बाहेर काढली.

१० जून

हात चालत नाही. पानं फाटतायत.

३ ऑगस्ट

ऑल्डनबाई येऊन गेल्या. आनेश्का खोकत नाही! गायीला घाबरत नाही, रोज पेलाभर दूध पिते म्हणे. फार बरं वाटलं. आणि मग दिवसभर कुणाशी बोलावंसंच वाटेना.

"मास्तरीणबाई, आज शिव्या नाहीत?" नवऱ्यानं, मात्येयनं विचारलं. तिकडे मायदेशी, बोहेमियात हा सुतार होता. चिरुटाचं काम आमच्याकडे बायकांचं. अमेरिकेला मी आधी आले, हा मागून आला, त्याला हे काम मीच शिकवलं. अजून त्याचे चिरूट पोटुश्या बाईसारखे दिसतात.

३ ऑक्टोबर

मालकाचा कारकून धापा टाकत चौथ्या मजल्यावर आला. भाड्याच्या घरांत चिरूट वळायला सरकारनं कायद्यानं बंदी घातलीय. मालक कोर्टात भांडतोय, पण निकाल लागेपर्यंत दंड कोण भरणार? सोमवारपासून सगळ्यांनी कारखान्यात यायचं.

"आता घंटेवर उठा, घंटेवर बसा," मात्येय चरफडला. "आपल्या घरात आपण राजे होतो."

"हो का? आणि राजकन्या कुठंय?"

इमारतभर रडारड चाललीय. मी कुणाला दाखवलं नाही, पण मला गगन ठेंगणं झालंय. खालच्या मजल्यावरची कुबेशआजी म्हणाली, "पोरी, तंबाखू गेली ना बाहेर? मग आण तिला. दिवसभर मी बघीन."

१२ ऑक्टोबर

भिंती घासल्या. पाणी काळं, मग तपकिरी, मग पुन्हा तपकिरी. चुना दिला. तरी वास येतोय. भिंतींना येतोय की माझ्या हातांना, कळत नाही.

२१ डिसेंबर

मात्येय तिच्यासाठी पलंग करतोय. चिरुटांच्या खोक्यांच्या फळ्या आणल्या होत्या, मी परत न्यायला लावल्या. त्या वासाचं काहीही तिच्या अंगाखाली नको. मग वखारीतून कोऱ्या फळ्या घेऊन आला. रंधा हातात आला की हा माणूस निराळाच दिसतो, शीळ घालतो. उशाशी एक गाय कोरलीय. गाय कमी, कुत्रा जास्त. मी हसले तर म्हणाला, "तिला कळेल, तू नको बघू."

ऑल्डनबाई म्हणतात, थंडी ओसरली की आणू. फेब्रुवारीअखेर.

२१ जानेवारी १८८५

कायदा रद्द झाला.

मात्येयनं जिन्यात उभं राहून आमच्या भाषेतला पेपर वाचून दाखवला. कोर्ट म्हणतं, माणसाला त्याच्या घरापासून, घरच्या मायेपासून तोडता येणार नाही. टाळ्या पडल्या. कुणीतरी बिअरची बादली भरून आणली. मला हसू आलं. ते थांबेना. मग कळलं, मी रडतेय. कुबेशआजीनं मला हाताला धरून आत नेलं.

मात्येय वाचता वाचता मध्येच थांबला होता. पुढचं दुसऱ्यानं वाचलं.

२४ जानेवारी

कारखान्याचा वरचा मजला मालक रिकामा करतोय. तिथलं भाडं वाचेल आणि आमच्याकडून घरभाडं मिळतच राहील. सोमवारी तंबाखू घरी येणार. ज्याला नको असेल त्यानं खोली सोडावी.

मात्येय दिवसभर दुसऱ्या मालकांकडे काम विचारत हिंडला. सगळीकडे तेच. "सुतारकाम बघू का?" म्हणाला. ऐन हिवाळ्यात कोण घरं बांधतंय! त्यालाही ते माहीत होतं. बराच वेळ पलंगाच्या कडेवरून नुसता हात फिरवत बसला.

शेवटी मीच म्हटलं, "ऑल्डनबाईंना सांग, एवढ्यात तिला आणू नका. बर्फ फार आहे म्हणावं."

"फेब्रुवारीअखेर बर्फ?"

"मग दुसरं काहीतरी सांग."

२८ जानेवारी

पानं वाळत घालायला जागा पुरेना. आनेश्काच्या पलंगावर पसरली.