बाबांच्या उशाची टाकी

४ फेब्रुवारी
आलो एकदाचे! वरच्या मजल्यावर दोन खोल्या, मोठ्या खिडक्या, भरपूर वारा. बाबांच्या दम्यासाठी घर बदलायचंच म्हणून मी दादाशी इतकी भांडले, की आता त्यांना इथलं मानवलंच पाहिजे. नाहीतर दादाच्या हातात आयतं कोलीत.

आधीची भाडेकरीण माशांची काचेची टाकी इथेच सोडून गेलीय. थोडे गप्पी मासे आणि वाळूत रुजलेली खरीखुरी हिरवी रोपं. घरमालकीणबाई म्हणाल्या, नको असेल तर टाकून द्या. जिवंत वस्तू टाकून कशी द्यायची? बाबांना टाकी आवडली. भाजी बरी आलीय, जुड्या बांधून विक म्हणाले.

९ फेब्रुवारी
दिवसभर दंतवैद्याच्या दवाखान्यात लोकांचे आ वासलेले जबडे, आणि घरी आले की टाकी. मला हातावर हात ठेवून बसता येत नाही. काच घासली, पिवळी पानं खुडली, मुळं सुटून तरंगणारी रोपं चिमट्याने पुन्हा वाळूत खोचली. दिवा लावला की पानांवरून बारीक बुडबुडे निघतात. बाबा तासन्‌तास बघत बसतात. मी हौसेने त्यांचा पलंगच टाकीला लावून दिला.

२१ फेब्रुवारी
रोपं नुसती फोफावलीत. शोभेच्या माशांच्या दुकानदाराने विचारलं, खत कुठलं घालता? मी म्हटलं, कुठलंच नाही. पण सकाळी मासे वर येऊन तोंडं उघडमीट करतात. दुकानदार म्हणाला, अंधारात रोपंही माशांसारखीच श्वास घेतात. दाटी झालीय, छाटा.

बाबांनाही सकाळी जड जातंय. डॉक्टरांनी औषध वाढवलं. नवी हवा मानवायला वेळ लागतो म्हणे. माझ्या जिवाला मात्र चैन नाही. उगाच या खोलीतून त्या खोलीत फिरत राहते.

२२ फेब्रुवारी
छाटायला बसले. पहिला देठ कापला आणि कापल्या जागेतून बुडबुड्यांची माळच सुटली. मागे बाबा छाती धरून कासावीस. धावले, औषधाचा फवारा दिला, पाठ चोळली. बुडबुडे थांबले तसे बाबाही सावरले.

योगायोग असेल. असणारच.

२४ फेब्रुवारी
राहवलं नाही. एकच पान खुडलं. एक बुडबुडा वर आला. बाबांना एक उचकी, आणि डोळे पांढरे.

काय केलंस गं, म्हणाले. मी म्हटलं, काही नाही. कात्री कपाटात कुलूपबंद केलीय. मला भीती वाटतेय.

२८ फेब्रुवारी
कापत नाही, तर वाढतायत. बाबा दोन शब्दांवर थांबतात. दिवा बंद असला तरी पानांवर बुडबुडे — टपोरे, भरलेले.

आज त्यांना दादाकडे न्यायला निघाले. जिन्यातच ओठ निळे पडले. परत आणून टाकीजवळ आडवं केलं, तर रंग परतला. दादाला फोनवर सांगितलं, बाबांचा श्वास त्या टाकीत आहे. तो म्हणाला, तू आधी जरा झोप.

२ मार्च
मासे गेले सगळे. रजा टाकलीय. पाणी बदलायची छाती होत नाही. रोपं आता झाकणाला टेकलीत. मघाशी बाबा नुसतेच तिकडे बोट —

३ मार्च, दुपार
औषध आणायला आत गेले तेवढ्यात — बाबा उभे. स्वतःच्या पायांवर. झाकण जमिनीवर. तोंड टाकीत, कानापर्यंत. ओढलं — देठ दातांत घट्ट — ओढलं तसे काळेनिळे पडले. सोडलं.

आता पाठ संथ खालीवर होतेय. घरघर नाही. बाबांना इतका मोकळा श्वास घेताना मी जन्मात पाहिलं नाही. रडू येतंय. आनंदाने की कशाने, कळत नाही.

दादा निघालाय. तो येऊन ओढणार त्यांना. ओढू द्यायचं नाही. दाराला कडी —

लावली. तेवढ्यानेच धाप लागली मला.

बाबांनी हात मागे केलाय. माझं मनगट धरलंय. तोंड न काढता जरा बाजूला सरकले — माझ्यापुरती जागा —