वज्रनकाब आणि माझा बहिष्कार

रविवार, ८ फेब्रुवारी १९८७. दुपारी १२.

शिसारी आली. दुसरा शब्द नाही.

आज वाचनालयात चार श्रोते. मागच्या रविवारी एकतीस होते. एकवीस वर्षं दर रविवारी सकाळी दहाला मी वडनेरच्या वाचनालयात गोष्ट वाचतो. मुख्याध्यापक होतो तेव्हाही वाचली, रिटायर झालो तरी वाचतो. सध्या माझीच कादंबरी चालू आहे, ‘दत्ताराम हवालदाराचा तपास’. कापसाच्या गाठींची चोरी. चोराचं नाव मी पहिल्याच ओळीत सांगून टाकलंय. वाचकाला अंधारात ठेवणं ही लबाडी आहे. आज चौदा पानी पंचनामा वाचला. चौघांपैकी दोघे पंचनाम्यातच उठून गेले. उरलेल्या दोघांपैकी एकाला ऐकू येत नाही.

चौकशी केली. सायकलवाल्या वाहेदकडे टीव्ही आलाय. बरोबर दहाला ‘वज्रनकाब’ नावाची हिंदी मालिका सुरू झाली. एकूण तेरा भाग. अख्खा मोहल्ला तिथे. आमच्या सौ. शालूबाईसुद्धा! मला सांगून गेल्या होत्या की शेजारच्या रुखमाबाईंकडे पापड लाटायचे आहेत. रुखमाबाईही तिथेच.

संध्या. ६.

शालूबाईंकडून कथानक ऐकलं. आनंद नावाचा कोर्टातला कारकून. काम सुटलं की डोळ्यांवर काळी पट्टी बांधतो आणि छपरांवरून उड्या मारत गुन्हेगार पकडतो. नाक तेच, मिशी तीच, आवाज तोच. पण शेजारच्या टेबलावरची वकीलीणबाई त्याला ओळखत नाही. तिला वाटतं हा कुणी देवदूत! डोळे झाकले की माणूस ओळखू येत नाही म्हणे. मी माझा विद्यार्थी पाठमोरा, अर्ध्या किलोमीटरवरून ओळखत असे. प्रेक्षकांना इतकं मूर्ख समजणाऱ्यांची किळस येते.

सोमवार, ९ फेब्रु.

एसटी स्टँडवर पंधरा-वीस माणसांसमोर जाहीर केलं: ‘वज्रनकाब’ चालू असताना वाहेदच्या उंबऱ्याच्या आत माझं पाऊल पडलं, तर वाचनालयाची किल्ली त्याच क्षणी किसनरावांच्या हातात. किसनराव म्हणजे रिटायर तलाठी. रविवारच्या वेळेवर त्यांचा जुना डोळा आहे. गोष्टीऐवजी पेपरातले बाजारभाव वाचून दाखवावेत असं त्यांचं मत. ते फक्त “बरं” म्हणाले. घाबरले असावेत.

शिवाय मालिका संपेपर्यंत वाचन तहकूब. निषेध म्हणून. दारावर पाटी लावली. ते चार जण काय करतील हा त्यांचा प्रश्न.

शालूबाई म्हणाल्या, “मंग तुमी दुपारी चारले वाचा न. कोनी नाही म्हनते का?” वेळेचा प्रश्नच नाही. तत्त्वाचा आहे. बायकांना तत्त्व समजावून सांगणं कठीण.

रविवार, १५ फेब्रु. सकाळी ९.४०.

मुंबई दूरदर्शन केंद्राला सविस्तर निषेधपत्र लिहायचं ठरलंय. पण पुरावा नको का? न पाहता टीका करणं अशास्त्रीय. तेव्हा एकच भाग, केवळ अभ्यासासाठी. शपथ घेतली ती उत्तमराव गुरुजींनी. अभ्यासाला जाणारा माणूस वेगळा.

वेष: तपकिरी मफलर नाकापर्यंत. मोतीबिंदूच्या ऑपरेशनचा काळा चष्मा. मेव्हण्याची टोपी. हातात काठी, डाव्या पायाने लंगडणं. आरशात पाहिलं. मी स्वतःलाच ओळखलं नाही.

११.३०.

संपूर्ण यश. दारातच वाहेद म्हणाला, “या बाबा. खानदेशाकून आले वाटते?” मी मान हलवली. किती सोपं! माणूस भोळा आहे. सगळे सतरंजीवर दाटीवाटीने बसलेले, पण भिंतीपाशी एक लोखंडी खुर्ची नेमकी रिकामी होती, ती मिळाली. रुखमाबाईंनी मला पाहून डोक्यावर पदर ओढला. परक्या माणसाचीही अदब राखतात, चांगली गोष्ट. वाहेदच्या बायकोने, अमीनाने, चहा दिला, बिनसाखरेचा. घरात साखर संपली असावी. डॉक्टरांनी मला साखर बंद केलीच आहे, म्हणून निभावलं.

मालिका किळसवाणी. खलनायक ‘उस्ताद’. त्याचा चेहरा दाखवत नाहीत, फक्त पांढरा हातमोजा. वज्रनकाब त्याच्या तावडीत सापडतो. सरळ गोळी घालावी की नाही? नाही. त्याला खांबाला बांधतो आणि बारा मिनिटं आपला सगळा बेत समजावून सांगतो. इतक्या तपशिलाने मी दहावीला बीजगणित शिकवलं नाही. मग छत खाली येऊ लागतं. आणि नेमकं तिथेच संपवतात! पुढच्या रविवारपर्यंत एक माणूस छताखाली. संताप.

मंगळवार, १७ फेब्रु.

ते छत किती वेगाने येत होतं याचा हिशेब केला. केवळ शास्त्रीय कुतूहल.

रविवार, २२ फेब्रु.

एक भाग पाहून निष्कर्ष काढणं घाईचं ठरेल म्हणून गेलो.

पहिली पाच मिनिटं मागच्या वेळचंच परत दाखवलं. वेळकाढूपणा. मग वज्रनकाबने बुटातून कानस काढली आणि दोर कापला. मागच्या भागात तो अनवाणी होता! मला राहवलं नाही. मोठ्याने बोललो. शेजारी बसलेले किसनराव म्हणाले, “बाबा, लय बरोबर बोलले. आमचे गुरुजी असते त हेच बोलले असते.” मी घोगऱ्या आवाजात म्हटलं, तुमचे गुरुजी विद्वान दिसतात. किसनरावांना एकाएकी खोकल्याची उबळ आली ती बराच वेळ थांबेना. त्यांनी छातीचा फोटो काढून घ्यायला हवा.

पुढे कुणीतरी “मी गेल्ता” म्हणालं. “गेलो होतो म्हण,” असं मी ओरडलो. लगेच आवाज बदलला. कुणाच्या लक्षात आलं नाही.

रविवार, १ मार्च.

भाग चौथा. तिटकारा कायम. आता एक पोलीस आयुक्तसाहेब आलेत. भारदस्त नट. काम एकच, चहा पिणे.

रविवार, ८ मार्च.

ताप. जाता आलं नाही. सबंध सकाळ पंख्याकडे पाहत पडलो. शालूबाई अकराला आल्या. वास्तविक विचारायचं नव्हतं. “अभ्यासात खंड नको,” एवढंच म्हटलं.

“थे वकीलीनबाई नाही का,” त्या म्हणाल्या, “थे उस्तादच्या गाडीत बसली. तिले वाटलं टॅक्सी हाये. गाडी पुलावर आली, अन् डायवरनं मांगं पाहून पांढरा मोजा—” एवढं बोलून त्या भाकरी टाकायला उठल्या. मी तापात चुलीपाशी गेलो. तिथेही त्या म्हणाल्या, “थांबा, भाकर करपन.” अर्ध्यावर सोडायची ही घाणेरडी सवय टीव्हीने घरोघर लावली.

बाकी सांगतात बऱ्या.

रविवार, २२ मार्च.

भाग सातवा. आठवडाभर ‘दत्ताराम’वर हात फिरवतोय. पंचनामा अर्ध्या पानावर आणला. चोराचं नाव पहिल्या ओळीतून काढलं. वाचकालाही थोडं काम हवं. दत्तारामला एक रुमाल दिला, आवश्यकतेनुसार तोंडावर बांधायला. हे बदल माझ्या मनात सहासष्ट सालापासून होते. मालिकेशी संबंध नाही.

प्रकरणाच्या शेवटी दत्तारामला जिनिंग फॅक्टरीत कोंडलं आणि गाठींना आग लावली. तो सुटतो कसा ते अजून ठरलेलं नाही. ठरेल.

रविवार, ५ एप्रिल.

ऊन भयंकर. मफलरमुळे मानेवर घामोळं. वाहेदने टेबलफॅन सगळ्यांवरून काढून माझ्याकडे वळवला. “खानदेशच्या मानसाले आपल्या वऱ्हाडातलं ऊन सोसत नाही,” म्हणाला. खानदेशात काय बर्फ पडतो? भूगोल कच्चा. माझाच विद्यार्थी.

घरी शालूबाईंनी मानेला पावडर लावली. घामोळं कशाने झालं ते विचारलं नाही. त्यांना चौकसपणा नाही, हा मोठा गुण.

दत्ताराम अजून आगीत.

रविवार, १९ एप्रिल.

भाग अकरावा. वीट आला. आता एकच प्रश्न उरलाय, उस्ताद कोण? भाग संपल्यावर अर्धा तास अंगणात वाद. किसनराव म्हणतात वकीलीणबाईचा बाप. रुखमाबाई म्हणतात तो आनंदचा हरवलेला भाऊ. अज्ञान! मला चौथ्या भागापासून ठाऊक आहे. इतका नामांकित नट घ्यायचा आणि आठ भाग त्याला नुसता चहा पाजायचा, तर शेवटी तोच गुन्हेगार निघणार. या लोकांच्या सगळ्या युक्त्या मला पाठ आहेत. ज्याला बायकोचा फोटो खिशात ठेवायला देतात तो पुढच्या भागात मरतो. पोलीस मारामारी संपल्यावरच येतात. खलनायक हसला की वीज चमकते.

सांगायला जीभ शिवशिवत होती. पण खानदेशच्या बाबांनी फार बोलणं बरं नव्हे.

निषेधपत्र सतरा पानांचं झालं. शेवटचा भाग पाहिल्याशिवाय पाठवणार नाही.

रविवार, २६ एप्रिल.

भाग बारावा. उस्ताद सापडला! वज्रनकाबने त्याच्या चेहऱ्यावरच्या काळ्या कापडाला हात घातला, आणि संपलं. नीच लोक.

ठराव: १० मेपासून वाचन पुन्हा सुरू. वेळ दहाच. नवा दत्ताराम. पाटी रंगवून ठेवली. एकतीस काय, साठ येतील. सतरंज्या कमी पडतील, शाळेतून मागवाव्या लागतील.

खरं लिहायचं तर त्या एकतीस माणसांची मला आठवण येते. रोज एकाच गावात दिसतात, तरी येते. गोष्ट वाचताना ती वर माझ्याकडे पाहायची. पुरे.

रविवार, ३ मे. दुपारी २.

शांतपणे लिहितो.

वाहेदची खोली खच्चून भरली होती. पडद्यावर उजेड नको म्हणून खिडक्यांना घोंगड्या लावलेल्या. वाहेद-अमीनाचे रोजे सुरू, तरी ती येणाऱ्या-जाणाऱ्याला पाणी देत होती. माझी खुर्ची होती तिथेच. मफलर, चष्मा, टोपी, सगळं व्यवस्थित.

दहा वाजून बावीस मिनिटं. वज्रनकाबचा हात काळ्या कापडाला. कापड हनुवटीपर्यंत वर आलं. आणि लाइन गेली.

काळोख. सगळे एकदम ओरडले. वाहेद बाहेर जाऊन आला, म्हणाला, पूर्ण गावाचीच गेली. दार त्याने उघडंच ठेवलं, तेवढा उजेड आत आला.

मग पुढून रुखमाबाई म्हणाल्या, “गुरुजी, आता तुमीच सांगा बाप्पा. कोन असन थो?”

मला वाटलं, दुसरे कुणी गुरुजी आले असतील. पण सगळी डोकी माझ्याकडे वळली होती. कुणी हसलं नाही. कुणाला नवलही वाटलं नाही. पाणी मागावं तसं सहज.

मी घोगऱ्या आवाजात म्हटलं, मी गुरुजी नाही, खानदेशातला आहे.

“हाव हाव,” रुखमाबाई म्हणाल्या, “खानदेशातले असा. पन सांगा.”

शालूबाईंकडे पाहिलं. त्या बायकांत बसल्या होत्या. त्यांनी नजर खाली घातली. तेव्हा कळलं. पहिल्या दिवसापासून. सगळ्यांना. लाज अशी वाटली की कान तापले. मफलर काढला, चष्मा काढला. खिशातली किल्ली काढून किसनरावांपुढे धरली. शब्द म्हणजे शब्द.

त्यांनी किल्लीकडे पाहिलंही नाही. “राहू द्या हो गुरुजी, थे किल्ली कोन मांगून राह्यलं? उस्ताद कोन हाये थे सांगा.”

मी उभा राहिलो. म्हटलं, आयुक्तसाहेब.

खोलीत “अगा माय!” असं झालं. काऊन, कसं, म्हणून सगळे विचारू लागले. मी सांगत गेलो. काळं कापड मीच वर उचललं. आयुक्तसाहेब इमानदार शिपाई होते तिथपासून सुरुवात केली. त्यांचा पहिला खोटा पंचनामा. त्यांची झोप उडाली ते. काही मालिकेतलं, काही दत्तारामचं, बरंच त्याच क्षणी सुचलेलं. रुखमाबाईंनी डोळ्याला पदर लावला. अमीना दारात तांब्या धरून तशीच उभी. किसनराव गुडघ्याला मिठी मारून माझ्याकडे वर पाहत होते. एकवीस वर्षांत मी अशी गोष्ट सांगितली नव्हती. अशी कुणी ऐकलीही नव्हती. वाटलं, लाइन दिवसभर न येवो.

शेवटाला आलो. आनंदने पट्टी सोडली आणि आयुक्तांसमोर उघड्या तोंडाने उभा राहिला. तो म्हणाला, “साहेब, तुम्हाला काय वाटतं, मी तुम्हाला आजवर—”

लाइन आली.

सगळी डोकी एका झटक्यात फिरली. मला फक्त पाठी दिसू लागल्या. मालिका संपली होती. पडद्यावर पाटी होती, ‘रुकावट के लिए खेद है’. चित्र नाही, आवाज नाही, नुसती पाटी. ती सगळे पाहत होते. रुखमाबाईंना वाचता येत नाही, त्याही पाहत होत्या. मी वाक्य पुन्हा सुरू केलं. “श्शू,” शालूबाई म्हणाल्या, मागे न बघता.

सात मिनिटं पाटी होती. मग एक बाई सतार घेऊन बसली. कुणी उठलं नाही. मी थोडा वेळ उभाच होतो, कुणी वळतं का ते पाहत. मग सतरंजीवर किसनरावांच्या शेजारी जागा होती तिथे बसलो आणि सतार पाहिली.