बाबांचा पाट

तू काहीही म्हण आई, यंदा विसर्जनाला बाबांचा गणपती आत्माराम काकांच्या डोक्यावर द्यायला नको होतास. वाडीत दुसरा गडी नव्हता काय? मी फोनवर एवढंच बोललो तर तू म्हणालीस, "तू होतास काय हितं?" आणि फोन ठेवलास. ठेव. कागद मध्येच कट होत नाही, म्हणून आता कागदावर लिहितो.

तर मी, समर्थ अनिल रांबाडे, वय सव्वीस, कायमचा राहणार मधलीवाडी, तालुका लांजा, जिल्हा रत्नागिरी, सध्या लडाखमध्ये बोगद्याच्या कामावर डंपर ड्रायव्हर, शिक्षण नववीपर्यंत, असं लिहून ठेवतो की माझं डोकं ठिकाणावर आहे, अंगात ताप नाही, पोटात दारू नाही आणि मला कुणी धाक घातलेला नाही. मला मरायची घाई नाही. पण मागच्या महिन्यात आमच्या कॅम्पवरचा झारखंडचा एक पोरगा दरडीखाली गेला. त्याचे दोन भाऊ आले आणि ऑफिसच्या दारातच त्याच्या पगारावरून एकमेकांच्या कॉलरला लागले. पोराचे बूट अजून बाहेर वाळत होते. तेव्हाच ठरवलं की आपलं लिहून ठेवायचं. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही. करण्यासारखं काही नव्हतंच.

आज जे काही माझ्या नावावर येतं ते बाबांमुळे येतं, म्हणून आधी बाबांबद्दल. कैलासवासी अनिल रांबाडे फौजेत सतरा वर्षं होते आणि नाईक होऊन बाहेर पडले. बर्फातल्या पोस्टिंगमध्ये त्यांच्या डाव्या पायाची बोटं गेली. घरी आल्यावर लांज्याला एका काजू कारखान्याच्या गेटवर सिक्युरिटीला लागले. डाव्या बुटाच्या टोकात आई जुन्या लुगड्याचा बोळा भरून द्यायची. मालकाची गाडी आली की बाबा त्याच बुटाने खाडकन सॅल्यूट मारायचे. मला त्याची लाज वाटायची. मालकाला तर वाटायचं की सॅल्यूट त्यालाच आहे. यंदा शिमग्याच्या आधी बाबा गेले.

कलम एक. मधलीवाडीतलं घर आजोबांचं. अर्धं आत्माराम काकांचं, म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाचं, आणि अर्धं बाबांचं. बाबांच्या अर्ध्यात आई, वेदिका आणि मी वारस. त्यात माझा जो हिस्सा निघेल तो माझ्या पश्चात आई श्रीमती दर्शना हिला आणि आईनंतर बहीण वेदिका हिला मिळावा. वेदिका सावर्ड्याला दिली आहे, तिचं बरं चाललंय. पण माहेरी बसायला स्वतःची खोली असावी. तिला कुणी "कधी जाणार" असं विचारू नये.

कलम दोन. आत्माराम काकांना माझ्या हिश्श्यातला एक चिरासुद्धा देऊ नये. कारणही लिहून ठेवतो, नंतर कुणी म्हणायला नको की पोरगं उगाच खार खाऊन होतं.

पूर्वी गणपती दोन्ही भावांचा एकच होता. फौजेत असताना बाबांना गणपतीला रजा क्वचितच मिळाली, मनीऑर्डर मात्र दर साली यायची. रिटायर होऊन आले त्या साली विसर्जनाला मूर्ती डोक्यावर घ्यायला बाबा पुढे झाले. मी तेव्हा लहान होतो, हे आईकडून ऐकलेलं. पऱ्याकडे, म्हणजे वाडीखालच्या ओढ्याकडे, उतरायला चिऱ्याच्या पायऱ्या आहेत आणि भादव्यात त्यांच्यावर शेवाळ असतं. बाबांनी मूर्ती उचलली तर काका सगळ्या वाडीसमोर म्हणाले, "अनल्या, ठेव खाली. तुझ्या पायाचा भरवसा नाय. मूर्ती पडली तर सगळ्या घराला भारी पडंल."

बाबांनी मूर्ती खाली ठेवली, सावधान उभे राहिले आणि आत गेले. पुढच्या साली घराच्या मधोमध भिंत आली. फौजेतून आणलेल्या दारूगोळ्याच्या खोक्याच्या फळ्यांचा बाबांनी स्वतः पाट केला, मूर्ती घडवतात त्या गणपतीच्या शाळेत नेऊन दिला आणि आपल्या खोलीत वेगळा गणपती बसवला. पाट उलटा केला की अजून खाली इंग्रजी आकडे दिसतात. तेव्हापासून दर साली बाबांनी आपली मूर्ती स्वतःच्या डोक्यावरून पऱ्यात नेली. एकदाही पडले नाहीत. काका पडवीत उभे राहून बघायचे. भाऊ भावाशी शेवटपर्यंत बोलला नाही, आणि बाबांना पोचवायला मात्र हेच काका पुढे.

म्हणून यापुढे बाबांची मूर्ती वाडीतल्या रघूने न्यावी. त्याला दर साली एक पँटपीस द्यावा. काकांचा हात त्या पाटाला लागू नये.

(इथपर्यंत हमीदने वाचलं. हमीद आपल्या राजिवड्याचा, इथं लोडर चालवतो, आधी कुवेतला होता. म्हणाला, "समऱ्या, मृत्युपत्र लिवतोस की भावकीची केस?" मी म्हटलं, दोन्ही. तो म्हणाला, "मग वकील कर. मी फुकट साक्षीदार हाय, जज्ज नाय.")

कलम तीन. बँकेत जे असेल ते आईचं. मोटरसायकल लांज्याला मित्राकडे आहे. ती वेदिकाच्या नवऱ्याला द्यावी, ब्रेक आधी बघून घ्यावा. माझे पाने आणि जॅक हमीदला. मोबाईल फोडून टाकावा.

कलम चार. बाबांची काळी ट्रंक, तिच्यावर पांढऱ्या रंगात त्यांचा नंबर आणि नाव आहे, ती आईकडेच राहावी. त्यातलं फौजेचं कांबळं मात्र मी न विचारता इकडे आणलंय. ते माझ्यासोबत जाळावं किंवा पुरावं, इथं जे जमेल ते.

या कांबळ्यावरून आमची रोज भांडणं व्हायची. ते म्हणायचे, उठल्या उठल्या घडी घाल, कोपऱ्याला कोपरा लागला पाहिजे. मी म्हणायचो, रात्री परत उलगडायचंच आहे ना? त्यावर ते म्हणायचे, "तुझ्या पायाला भिंगरी हाय. दहा बोटं असून एका जागी ठरत नायस." खरंच ठरलो नाही. गॅरेज सोडलं, गोव्याचं हॉटेल सोडलं, सुरतेची मिल सोडली. प्रत्येक वेळी घरी गेलो की ते एकच विचारायचे, "जेवण बरं मिळत होतं ना?" त्यांना बर्फातलं विचारलं की एवढंच उत्तर मिळायचं, "थंडी होती." आता कुणी मला विचारावं थंडी कशी असते. पण मी कुणाला सांगतो? फोनवर आईला मीसुद्धा एवढंच सांगतो, थंडी आहे.

कलम चार लिहून आठवडा झाला. मध्ये कागद पडून होता. रस्त्यावर गाडी अडकली आणि मी भिजलेल्या बुटांत बर्फात उभा राहिलो. पाय बधिर झाले. शेजारच्या पोस्टवरच्या फौजी डॉक्टरांनी तपासलं. बोटं वाचली. मी सहज म्हटलं, माझ्या वडिलांची नाही वाचली. ते म्हणाले, अशा माणसाच्या पावलाला जमीन नीट कळत नाही, तो डोळ्यांनी चालतो. मी विचारलं, आणि डोक्यावर ओझं असलं तर? ते म्हणाले, तर देवाच्या भरवशावर.

पायऱ्या उतरताना बाबा फार सावकाश उतरायचे. मला वाटायचं परेडसारखं, ऐटीत चाललेत.

त्या दिवशी आईला फोन लावला. तिने पहिल्यांदा विचारलं, "जेवलास?"

"जेवलो. आई, बाबांना पायाखालचं कळत नव्हतं. मग शेवाळावरून कसे उतरायचे गं?"

"शेवाळ कुठं असायचं? पायऱ्या घासलेल्या असायच्या."

"वाडीवाले घासायचे ना?"

"वाडीला काय पडलंय रं? आत्माराम भावजी घासायचे. विसर्जनाच्या दिवशी तांबडं फुटायला खराटा घेऊन जायचे नि वर चुलीतली राख टाकायचे."

"दर साली?"

"दर साली. भिंत घातली तेव्हापासून."

 मग विचारलं, "बाबांना ठाऊक होतं?"

"घरी आल्यावर त्यांचे पाय मीच धुवायची ना. पावलाला राख असायची. एकदा मी सांगायला गेले तर ते म्हणाले, 'नाव सांगू नको. नाव सांगितलंस तर मला जाऊन बोलावं लागंल.'"

आईने पुढे सांगितलं, यंदाही पायऱ्या काकांनीच घासल्या. मग अनवाणी आमच्या दारात येऊन उभे राहिले. आईने मूर्ती त्यांच्या डोक्यावर ठेवली. त्यांची मूर्ती त्यांच्या मुलाने नेली आणि काकांनी बाबांची. एकेक पायरी दोन्ही पाय टेकवत उतरले म्हणे. मधल्या पायरीवर थांबले आणि म्हणाले, "अनल्या, धर रं."

हे आधी का नाही सांगितलंस, असं मी आईला विचारलं. ती म्हणाली, "तू ऐकून कधी घेतलंस?"

इतकी वर्षं बाबा त्या राखेवरून गेले आणि मी त्यांच्या मागून टाळ वाजवत, काकांच्या पडवीकडे बघून थुंकत. बाबा जिवंत असताना हे कळलं असतं तर भिंतीपलीकडे मीच गेलो असतो, नाव मीच सांगितलं असतं. त्यांना जाऊन बोलावं लागलं असतं.

कलम पाच. वरचं कलम दोन रद्द. हमीद म्हणतो कागद फाड आणि नवा लिही. फाडणार नाही. असू दे. काकांनी वाचलं तरी चालेल.

पुढच्या सालापासून गणपती एकच असावा, काकांच्या ओटीवर, पूर्वी होता तिथं. एकदा आणलेला गणपती बंद करता येत नाही असं तू म्हणशील. तर देवळात गुरवाकडून गाऱ्हाणं घाल की, बा देवा म्हाराजा, आम्ही गणपती बंद करत नाय, घरी परत नेतो. कौल मिळेपर्यंत विचारत राहा. मूर्ती बाबांच्या पाटावर बसावी. काका नको म्हणाले तर पाटासाठी भांडू नये, आता भांडण पुरे. भिंतीचं काय करायचं ते तू आणि काकांनी मिळून ठरवावं. मूर्ती काकांनी न्यावी, जमेल तोवर. पुढे मी असलो तर मी नेईन, नसलो तर त्यांच्या मुलाने न्यावी. रघूचा पँटपीस त्याला देऊन टाकावा, त्या बिचाऱ्याचा काय दोष.

या कागदाचा अंमल वेदिकाने करावा. ती कुणाचं ऐकत नाही, म्हणून तीच बरी.

लिहून देणार: समर्थ अनिल रांबाडे (सही)

आमच्या दोघांच्या समोर त्याने सही केली आणि त्याच्या समोर आम्ही केली:
१. हमीद काझी, राजिवडा, रत्नागिरी (सही). शुद्धीत होता, रागात पण होता, नंतर राग गेला.
२. सुखदेव महतो, झारखंड (अंगठा). गेलेल्या पोराच्या गावचा.

मुक्काम: बोगद्याचा कॅम्प, लडाख. तारीख: १९ ऑक्टोबर २०२५

ता. क. आई, आजच पैसे पाठवतोय. हे मृत्युपत्रातले नव्हेत, आत्ताचे आहेत. लांज्याच्या वेल्डरला बोलावून पऱ्याच्या पायऱ्यांना वरपासून खालपर्यंत लोखंडी कठडा लावून घे, म्हणजे काकांचा एक हात मूर्तीला आणि एक कठड्याला राहील. कठडा डाव्या बाजूला लाव. बाबांचा पाय डावा होता. काकांनी विचारलं की पैसे कुणी दिले, तर माझं नाव सांग. रुपये सोळा हजार फक्त.