दुनळीवरच्या चौकटी

ता. ४ जुलै

ती. ताईस,
टिल्लूचा साष्टांग नमस्कार. वि. वि. इकडे आम्ही दोघं खुशाल आहोत. तुझा गुडघा कसा आहे? ऑपरेशननंतर सहा आठवडे जिना उतरायचा नाही असं डॉक्टरांनी बजावलं आणि तू चौथ्याच दिवशी उतरलीस, हे तुझ्या शेजारच्या फिरतीवाल्या सेल्समनकडून कळलं. आता वय काय, हौस काय?

पत्राचं खरं कारण वेगळं आहे. माझ्या दुनळी बंदुकीला गंज चढला आहे. नळ्यांच्या एका बाजूला तर चांगलाच. ३० तारखेला परवान्याची तपासणी आहे. मागच्या खेपेला साहेबांनी एका रखवालदाराची गंजकी बंदूक तिथल्या तिथे ठेवून घेतली होती. बावीस वर्षं बँकेच्या दारात उभा आहे, तो स्वतःची बंदूक आणि परवाना आहे म्हणूनच. बंदूक नाही तर रखवालदार कसला, असं आमचे मॅनेजर परवा हसत हसत म्हणाले. ते हसत हसत जे म्हणतात ते महिन्याभरात कागदावर येतं. एजन्सीची तरणी पोरं त्यांनी बघूनही ठेवली आहेत. मला निवृत्तीला तीन वर्षं आहेत ताई, आणि या वयात मला दुसरं कोण उभं करणार?

गंज का धरला म्हणशील, तर हवाच दमट. बाजारातला दुरुस्तीवाला म्हणतो, कॉस्टिकच्या उकळत्या पाण्यात अर्धा तास बुडवतो, संध्याकाळी कोळशासारखी काळी घेऊन जा. दाजी असते तर मी सरळ तुमच्या दुकानात आलो असतो. त्यांच्यासारखी काळी झिलई आता कोण देतो? तुझं उत्तर येईपर्यंत थांबतो, पण लवकर लिही.

तुझा,
टिल्लू (सध्या वजन ब्याऐंशी किलो)


ता. ७ जुलै

चि. टिल्लूस,
ताईचे अनेक आशीर्वाद. गुडघा बरा आहे, शेजाऱ्याची जीभ मात्र बरी नाही.

आधी हे ऐक. त्या दुरुस्तीवाल्याच्या दुकानावरून जाऊसुद्धा नकोस. दुनळीच्या दोन नळ्या एकमेकींना डाखाने जोडलेल्या असतात आणि कॉस्टिक डाख खातं. संध्याकाळी बंदूक काळी मिळेल खरी, पण पुढे नळ्या एकमेकींपासून सुटायला लागतील. रोगापेक्षा इलाज भयंकर.

दाजींसारखी झिलई, असं लिहिलंस. आता ते नाहीत म्हणून सांगते. नळ्या काळ्या करायचं काम त्यांनी लग्नानंतर कधी केलं नाही. ते लाकूड, चाप आणि घोडे बघायचे. नळ्या मागच्या खोलीत माझ्याकडे यायच्या. पुढच्या खोलीत गिऱ्हाईक त्यांचा हात वाखाणायचं आणि ते मान डोलवायचे. एकदा मी रुसले तेव्हा म्हणाले, उद्यापासून सांगतो लोकांना. तो उद्या काही उगवला नाही. असो, माणूस चांगला होता, आणि मला त्यांची रोज आठवण येते.

आता काम. बंदूक रिकामी आहे ना हे दोनदा बघ, मग बायकोला बघायला सांग. तिचा डोळा तुझ्यापेक्षा बरा आहे. लाकूड सोडवून बाजूला ठेव. नळ्यांना पातळ तेल लावून रात्रभर मुरू दे. सकाळी बारीकात बारीक स्टील वूल घेऊन लांबीच्या दिशेने घास, आडवं नाही. नळीवर कोरलेल्या नंबराभोवती तीन-चार बोटं जागेत मात्र स्टील वूल नेऊ नकोस. तिथे फक्त तेल आणि जुना दात घासायचा ब्रश. नंबर पुसला गेला तर बंदूक गेलीच समज.

आणि घासण्याआधी गंज कुठे कुठे आहे त्याचं चित्र काढून पाठव. कुठे धरला त्यावरून का धरला ते कळतं. कारण तसंच राहिलं तर सहा महिन्यांत पुन्हा तेच. दमट हवेचं मला सांगू नकोस. हवा सगळ्यांनाच दमट आहे.

तब्येतीला जप.
तुझी ताई


ता. ११ जुलै

ती. ताईस,
सा. न. तू सांगितलंस तसं केलं. दुरुस्तीवाल्याला नाही म्हणून आलो, तो रागावला. दोन दिवस घासतो आहे. लाल रंग पुष्कळसा गेला, पण नळ्या आता अर्ध्या काळ्या, अर्ध्या पांढऱ्या दिसतात, तोंडावर वांग आल्यासारख्या. हे असं घेऊन साहेबांपुढे गेलो तर ते काय म्हणतील ते मला कळतं.

चित्राचं म्हणशील तर माझी चित्रकला तुला ठाऊक आहे. शाळेत मी काढलेल्या गाईला मास्तर टेबल म्हणाले होते. गंज आपला इकडे तिकडे होता, त्यात बघण्यासारखं काही नव्हतं. कारणाचा विषय सोड, पुढे काय करायचं ते सांग.

तू गेल्या वर्षी शिवून दिलेली खोळ छान आहे हं. तू विचारलं नाहीस, पण सांगून ठेवतो.

तुझा,
टिल्लू


ता. १२ जुलै

ती. वन्सं यांस,
तुमच्या भावजयीचा शि. सा. नमस्कार. मी सहसा पत्र लिहीत नाही, कारण घरात एक लिहिणारा आहे आणि तो मोजकंच खरं लिहितो.

ह्यांना झोप नाही. पहाटे उठून नळ्या उजेडात धरून बसतात. जेवताना म्हणतात, बँकेच्या दारात नाही तर मी कुठे जाऊ? एवढा धिप्पाड माणूस असा बसलेला बघवत नाही.

तुम्ही चित्र मागितलं होतं. गंजाबद्दल तुम्हाला एक अक्षरही कळवायचं नाही अशी ह्यांनी मला शपथ घातली आहे. शपथ मोडायची माझी पद्धत नाही, म्हणून मी अक्षर लिहीत नाही. घासण्याआधी मी चहाच्या पुड्याच्या कागदावर पेन्सिलीने जसं आणि जेवढ्या मापाचं दिसलं तसं काढून ठेवलं होतं, ते सोबत घातलं आहे. चित्र काढू नकोस असं हे म्हणाले नव्हते.

रागावू नका. ह्यांच्यावर तर मुळीच नको.
आपली,
भावजय


ता. १६ जुलै

चि. टिल्लूस,
अनेक आशीर्वाद. हे पत्र शेजारचे सेल्समन तुझ्या हातात देतील, बरोबर एक बाटली देतील. बाटलीचं नंतर सांगते.

चित्र मिळालं. तिला काही बोलू नकोस, तिने शपथ पाळली आहे. गंजाच्या तिरप्या चौकटी, एकीला लागून एक, आणि मधे कोऱ्या रेघा. मी पट्टी घेऊन मोजलं. चौकट दोन बोटांची. कापूस घालून तुझ्या बंदुकीच्या खोळीला मी तिरप्या टिपा घातल्या त्या दोन बोटांवरच. फुगलेला कापूस नळीला टेकला तिथे ओल धरली आणि गंज चढला. टीप खोल गेली होती तेवढी जागा वाचली.

म्हणजे तू बंदूक दिवसरात्र खोळीत ठेवत होतास. ताईने शिवली म्हणून. आणि गंज दिसल्यावर तुला कारण पहिल्याच दिवशी कळलं असणार, तरी मला दमट हवा सांगत बसलास. गाढवा, मी काय काचेची आहे का?

चूक माझी आहे. बंदूक खोळीतून न्यायची असते, खोळीत ठेवायची नसते. आमच्या घरी हे भांडी घासणाऱ्या बाईलाही माहीत होतं, म्हणून ते कुणाला सांगावं लागतं हे माझ्या डोक्यातच आलं नाही. तीस वर्षं लोकांच्या बंदुकांचा गंज काढला आणि सख्ख्या भावाच्या बंदुकीला स्वतःच्या हाताने गंज शिवून दिला. काल दिवसभर मला दुसरं काही सुचलं नाही. ती खोळ परत पाठव, मी उसवून टाकते.

आता बाटली. माझ्या हातचं शेवटचं औषध आहे, पुन्हा करायला मी आता सामान आणणार नाही. डोळ्याला आणि कातडीला लागू देऊ नकोस. नळ्यांच्या आत तेल लावून दोन्ही टोकांना लाकडी बुचं ठोक, धरायलाही तीच होतील. नळ्या कपड्यांच्या धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात (कॉस्टिकच्या नव्हे) उकळून तेलकटपणा पार घालव. तिथून पुढे उघडा हात लावायचा नाही. लागला तर पुन्हा पहिल्यापासून. कापसाच्या बोळ्याने औषध अगदी पातळ फिरव आणि नळ्या न्हाणीघरात टांगून ठेव. सकाळी त्यांच्यावर लाल मखमल चढलेली दिसेल. घाबरू नकोस, तो गंजच आहे, आपणच आणलेला. मग गाडीच्या बॅटरीत घालायला मिळतं त्या डिस्टिल्ड पाण्यात अर्धा तास उकळ. नळाचं पाणी नको, डाग पडतात. लाल होतं ते काळं होईल. सुटं असेल ते स्टील वूलने हलक्या हाताने पूस आणि पुन्हा औषध. असं सहा वेळा. काट्याने काटा काढायचा म्हणतात, ते हेच.

घाई करू नकोस. कसं चाललंय ते कळव, मी वाट बघते आहे.
तुझी ताई


ता. २३ जुलै

ती. वन्सं यांस,
शि. सा. न. हे लिहायला बसत नाहीत म्हणून मीच लिहिते.

पत्र्यावाल्याकडून दोन हात लांब भांडं करून आणलं, ते दोन शेगड्यांवर आडवं बसतं. म्हणजे रोज सकाळी स्वयंपाकघरात नळ्या शिजतात आणि आम्ही शिळं खातो. आंघोळीला जायचं तर नळ्यांना बाजूला करून जावं लागतं. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, सवत आता आली.

तीन हात होईपर्यंत छान चाललं होतं. चौथ्या दिवशी नळ्या इतक्या सुंदर दिसायला लागल्या की ह्यांनी कौतुकाने वरून हात फिरवला. उघडा. दुसऱ्या दिवशी चार बोटं तिथे लाल उमटली, जशी काही कुणी थोबाडीत मारली आहे. ह्यांनी शेगड्या विझवल्या. म्हणाले, आता तपासणीला जात नाही, राजीनामाच देतो. मी म्हटलं, वन्संनी काय लिहिलंय? पुन्हा पहिल्यापासून. मग पुन्हा पहिल्यापासून. काल पहिला हात झाला. सहा हात व्हायला २७ तारीख येते आणि बाटलीत औषध तळाशी आहे.

भांडी घासायचे रबरी हातमोजे ह्यांना घालून दिले आहेत आणि काम संपेपर्यंत काढायचे नाहीत असं सांगितलं आहे. चहासुद्धा मोजे घालून पितात. तुमच्या गुडघ्याची काळजी घ्या.
आपली,
भावजय


ता. ३१ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि. काल तपासणी झाली. आधी तेवढंच लिहितो, नाहीतर तू घाईने शेवट वाचायला जाशील: परवाना मिळाला, तीन वर्षांचा.

औषध सहाव्या हाताला बरोबर पुरलं. शेवटी बाटलीत तुझी भावजय कापसाची काडी फिरवत होती. मग तेल लावून एक दिवस ठेवल्या. ताई, असा काळा रंग मी या बंदुकीवर नवी असतानाही बघितला नव्हता. हात मात्र लावला नाही.

रांगेत माझा नंबर अकरावा होता. साहेबांनी नळ्या खिडकीशी नेऊन फिरवून बघितल्या आणि विचारलं, हे काम कुठे केलं? मी म्हटलं, घरी. ते म्हणाले, खोटं बोलू नका, हा हात मला माहीत आहे, माझ्या वडिलांची बंदूक याच हातची आहे, पण तो मिस्त्री जाऊन बरीच वर्षं झाली. तेव्हा मी सांगितलं. मिस्त्री लाकूड करायचे साहेब, नळ्या माझी बहीण करायची, आणि हे तिने मला पत्रातून शिकवलं. खोली भरलेली होती, सगळ्यांनी ऐकलं. दाजींना सांगायला जमलं नाही ते मी सांगून टाकलं, त्यांची माफी मागून. साहेबांनी तुझा पत्ता लिहून घेतला आहे. त्यांच्या वडिलांच्या बंदुकीचं काम आहे म्हणतात. तेव्हा औषधाचं सामान आणायचं नाही वगैरे जे लिहिलंस ते परत घे.

एक गोष्ट राहिली. नंबराभोवती स्टील वूल नेऊ नकोस असं तू बजावलं होतंस, ते मी पाळलं. त्यामुळे नंबराच्या डाव्या अंगाला एक चौकट राहिली आहे. अगदी पुसट, पण तिरपी, चारी बाजू स्वच्छ, दोन बोटांची. ती साहेबांच्या नजरेत आली. त्यांनी त्यावरून बोट फिरवलं, गंज नाही ना बघितलं, आणि विचारलं हे काय आहे. माझ्या तोंडून निघून गेलं, ताईची टीप आहे. त्यांना काही कळलं नाही. त्यांनी मान हलवली आणि परवान्याच्या पुस्तकात ओळखीची खूण असा रकाना असतो, तो इतकी वर्षं कोराच होता, त्यात लिहिलं: नंबराच्या डावीकडे एक तिरपी चौकट. खाली सही केली आणि शिक्का मारला.

खोळ परत मागितली होतीस. ती मिळणार नाही. बँकेतल्या लोखंडी स्टुलावर आठ तास बसतो, तिथे घडी करून घेतो. बंदूक आता घरी भिंतीला उघडी टांगलेली असते. आज सकाळी बँकेशी येऊन आधी बंदुकीवरची ती चौकट बघितली, मग बँकेचं दार उघडलं.

गुडघा जप, आणि पुढचं पत्र आधी तू लिही.
तुझाच,
टिल्लू