झिजलेली मान आणि रद्द झालेलं तिकीट

दि. ३ मार्च

चि. चिमणीस आजीचे भरभरून आशीर्वाद.

तर सगळ्यात आधी कोण टपकलं असेल, सांग बरं? तुझी आत्या! माझ्या दुखऱ्या मानेचा रिपोर्ट आल्याचं कळायचा अवकाश, नवऱ्याला घेऊन हजर. मागोमाग खालच्या मजल्यावरची शिक्षिकाबाई, मग अख्खा जिना. एरवी कुणी फिरकत नाही आणि आता कप कमी पडले, तुझ्या आईने चहा पेल्यांतून दिला. मला बाई मजा वाटली. तुझ्या बापाने ती काळी फिल्म खिडकीच्या काचेला चिकटवलेली, आणि सगळे नवी सून बघावी तशी माझी हाडं बघत होते. आत्याचे यजमान बराच वेळ निरखून म्हणाले की अगदी आईंसारखीच दिसतेय. फिल्म उलटी लावली होती हे नंतर कळलं.

ते एमआरआयचं मशीन म्हणजे काय सांगू. नळीत सरकवतात नि ठाकठोक सुरू. तुझ्या बापाच्या गॅरेजात आडवं झाल्यासारखं वाटलं. माझा तर डोळा लागला.

आता खरं ते सांगते. रिपोर्टात लिहिलंय की मणक्यांची झीज झालीय, मधल्या गाद्या सुकल्यात, हाडांना कडेने टोकं आलीत. डॉक्टर पुढच्या मंगळवारी भेटणार. पण तुझ्या बापाला धीर कुठला! झीज वाचलं नि त्याचं तोंड एवढंसं झालं. गॅरेजात त्याचा नियमच आहे ना, बेअरिंग झिजलेलं असेल तर गाडी बाहेर सोडायची नाही, गिऱ्हाईक भांडलं तरी. तोच मला लावला. गळ्यात पट्टा बांधला, फळीवरचे डबे खाली आणले आणि तुझ्याकडे यायचं माझं तिकीट रद्द करून आला. तुला फोनवर नंतर बघू म्हणाला ना, ते हे. फोन तोच कानाला लावून बसतो, म्हणून पत्र.

पणती माझी अडीच महिन्यांची झाली नि मी तिला फोटोतच बघतेय. नाक माझ्यावर गेलंय म्हणतात. पण फोटोला तिचा वास नाही गं. तिच्यासाठी शिवलेली झबली पिशवीत भरून ठेवलीत. रोज काढते, हात फिरवते, परत घड्या घालते. ती तिकडे वाढतेय आणि झबली आहेत तेवढीच.

तिचा एक पापा घे माझ्या वाटणीचा. मला विसरू नकोस, एवढंच मागणं.
तुझी आजी

दि. ७ मार्च

ती. आजीस सा. न. वि. वि.

तुझं पत्र बाळाला मोठ्याने वाचून दाखवलं. आत्याच्या यजमानांपाशी आल्यावर ती हसली. मी तर हसले आणि मग रडले.

बाबांना सांग की मानेचं बेअरिंग नसतं. आईने मला रिपोर्टाचा फोटो पाठवला. माझ्या ऑफिसातल्या शेजारच्या टेबलावरच्या माणसाचा रिपोर्ट जवळजवळ असाच आहे. तो पन्नाशीचाही नाही आणि रोज बॅडमिंटन खेळतो. आपल्या जिन्याची तिसरी पायरी किती झिजलीय, म्हणून आपण घरी जायचं सोडलं का? पण मी काही डॉक्टर नाही, म्हणून मंगळवारी तूच विचार: नस दबतेय का, हातात जोर आहे का, प्रवास चालेल का. बाबांना बोलू देऊ नकोस, ते भाव विचारायला लागतील. आणि हातातून वस्तू पडत असतील, चालताना तोल जात असेल तर लपवू नकोस. तू लपवतेस, मला माहीत आहे.

दुपारी बाळ झोपलं की घर फार मोठं वाटतं गं. तेव्हा तू हवीस.

माया आहेच, ती अशीच राहू दे.
तुझी चिमणी

दि. १२ मार्च

चि. चिमणीस नि तिच्या पिल्लाला आशीर्वाद.

काल डॉक्टरांकडे झालं सगळं. त्यांनी फिल्म नुसती पाहिली नि बाजूला ठेवली, मग माझ्याकडेच बघत बसले. बोटं दाबायला लावली, रेषेवरून चालवलं, कोपरावर छोटी हातोडी मारली. बटणं लावता येतात का विचारलं. मी म्हटलं, अहो, जन्मभर दुसऱ्यांच्या कपड्यांची काजं-बटणंच केली मी.

म्हणाले की या वयात मान अशीच दिसते, दुखत नाही त्यांचीही. नस काही दबलेली नाही. फोटोवर नाही, दुखण्यावर उपचार करायचा, म्हणजे शेक आणि मानेचे व्यायाम. पट्टा काढायला लावला, सारखा बांधला तर मानेचा जोरच जातो म्हणे. हातातला जोर कमी झाला किंवा तोल जायला लागला तर मात्र लगेच यायचं. लपवणार नाही, तुझी शपथ.

तुझ्या बापाने विचारलंच की पार्ट बदलायची वेळ कधी येते. डॉक्टर इतके हसले! मग शांतपणे म्हणाले की तुमच्या आईला बंद करून ठेवू नका, चालू ठेवा. तुझा बाप खाली बघत राहिला. एवढा बाप्या, डोळे भरले होते त्याचे. मला धरून ठेवायचं होतं गं त्याला, दुसरं काही नाही.

मी एकच विचारलं, पणतीला घेता येईल का. म्हणाले, बसा, मांडीवर कुणीतरी देईल, मग हवी तेवढी घ्या. जड बॅग तेवढी उचलायची नाही.

संध्याकाळी तो न सांगता गेला नि दोन तिकिटं घेऊन आला. स्वतःही येतोय. मी नको म्हटलं नाही.

लोभ पत्रातून पुष्कळ झाला, आता समोरासमोर.
तुझी आजी

ता. क. गॅरेजवर आत्याचे यजमान बसणार आहेत, गाड्यांचं काय होईल ते होवो. आत्या नि ते, दोघं रविवारी सकाळी इकडे येतो म्हणालेत. ते दारात आले की आम्ही निघालो.