उजवी हिरडी पीएच.डी.ची

३ जून, सकाळ
डेंटल आणि पीएच.डी. एकदम करणारा कॉलेजात मी एकटा. बाकीचे म्हणतात, दमशील. त्यांची झेप तेवढीच. वेळापत्रक केलं आहे, चार रंगांत. ४ जुलैला कमिटी बसेल. दोन्हीकडे काम दिसलं तर दोन्ही चालू, नाहीतर पीएच.डी.ची सीट जाणार. नुसती औपचारिकता.

५ जून
वेळापत्रक बदललं. क्लिनिक तळमजल्यावर, लॅब रस्त्यापलीकडे चौथ्या मजल्यावर आणि लिफ्ट बंद, हे धरलंच नव्हतं. लॅबमधल्या सरांनी विचारलं, की तू बसत का नाहीस. म्हटलं, बसायला वेळ कुणाला आहे. बायको म्हणते, जेवताना तरी पाय हलवू नकोस, आमटी सांडते.

७ जून
क्लिनिकच्या मॅडमना हिरड्या सुधारलेला पेशंट हवा. सरांना तीन आठवडे ब्रश न लागलेल्या हिरडीवरचे जंतू हवेत. दोन पेशंट शोधण्यात आयुष्य घालवू? माझ्याकडे सासरे आहेत. रिटायर्ड बस ड्रायव्हर, सांगितलं की ऐकणारे. एक माणूस, दोन बाजू. उजवी हिरडी पीएच.डी.ची, तिला ब्रश नाही. डावी क्लिनिकची, घासून लख्ख. सर बरं म्हणाले. मॅडम म्हणाल्या, बघ बाबा. म्हणजे खूश आहेत.

८ जून, संध्याकाळ
सासुरवाडीला. घाईत होतो. दारातच सासऱ्यांसमोर उभं राहून स्वतःच्या गालांवर हात ठेवून दाखवलं, ही बंद, ही चालू. ते म्हणाले, कळलं जावईबापू, ड्युटी म्हणजे ड्युटी. सासूबाई म्हणाल्या, की तीन आठवडे मी ह्यांच्या कुठल्या बाजूला बसायचं तेवढं सांगून जा.

१७ जून
मधे एकदा तपासायला जायचं होतं. वेळापत्रकात पाचवा रंग भरण्यात दुपार गेली. असो, सासऱ्यांवर विश्वास आहे. कॉलेजातून येताना दाराची पाटी करायला सांगून आलो, नावाआधी दोनदा डॉक्टर. पाटीवाल्याने विचारलं, नवरा-बायको दोघंही का.

२९ जून
सासरे खुर्चीवर. तोंड उघडलं आणि मी उडालोच. ब्रश न लावलेली उजवी हिरडी गुलाबी, ठणठणीत. रोज घासलेली डावी लाल, सुजलेली, हात लावला की रक्त. विचारलं, सांगितलं तसंच केलंत ना. ते दुखावले. म्हणाले, आयुष्यात एक स्टॉप चुकवला नाही मी. उजवीचं सॅम्पल मायक्रोस्कोपखाली घातलं, जंतू नावाला. जगाला आजवर कुणी सांगितलंच नाही. मुळात ब्रशच वाईट.

३० जून
सरांना शोध सांगितला. ते बराच वेळ चष्मा पुसत राहिले. मॅडम म्हणाल्या, की कमिटीपुढे पेशंटलाही आण. मत्सर मी समजू शकतो. आजपासून माझा ब्रश बंद. बायको म्हणाली, शोध पूर्ण होईपर्यंत जरा लांबूनच बोल.

४ जुलै, दुपार
उभ्याने, येरझाऱ्या घालत, छान बोललो. मॅडमनी सासऱ्यांना एकच विचारलं, की काका, कुठली बाजू घासत नव्हतात. सासऱ्यांनी हात डाव्या गालावर ठेवला. म्हणाले, जावयांनी माझ्यासमोर उभं राहून दाखवली ती. त्यांचा हात माझ्या ह्या गालासमोर होता. स्टँडवर गाडी लावताना कुणी समोरून हात दाखवला, की आम्ही तिकडेच वळवतो.
सर खिडकीबाहेर बघू लागले. मॅडम म्हणाल्या, की पेशंटची उजवी आपल्या डावीकडे येते, हे पहिल्या वर्षी पहिल्याच तासाला शिकवतात. मी म्हटलं, तरी निष्कर्ष बरोबरच आहेत, फक्त बाजू बदलून वाचायचे. कुणी वाचायला तयार नव्हतं. पीएच.डी.ची सीट गेली. क्लिनिकची केस पुन्हा करायची, त्या सुजलेल्या डाव्या हिरडीपासून.

६ जुलै
झालं ते बरंच झालं. एका कोर्सला एक रंग पुरतो. सासऱ्यांना फोन केला, की या, डावी हिरडी सुधारून देतो. ते फार प्रेमाने बोलले. म्हणाले, राग नाही हो जावईबापू, पण तुमच्या क्लिनिकात पलीकडच्या खुर्चीवर पेशंट बघणाऱ्या मुलीने कालच वेळ दिली. ती आधी माझ्याच गालाला हात लावते आणि मग बोलते.